जमिनीखालचे म्युऑन: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आमचा एक छोटा गट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, काही इंजिनीअर आहेत आणि बीएस्सीची मुलंमुली आहेत. आम्ही आकाशातून येणारे म्युऑन मोजतो आणि ते जमिनीखाली किती खोल पोचतात याचा अभ्यास करतो. शाळांतून, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांनंतर आणि शेजारपाजारच्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

म्युऑन म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद. विद्युतभार तितकाच, वस्तुमान मात्र सुमारे २०७ पट. अवकाशातून सतत प्रोटॉन येत असतात, त्यांतले बहुतेक सूर्यमालेच्या बाहेरून. यांनाच वैश्विक किरण म्हणतात. हे प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण निघतात. पायॉन मोडला की म्युऑन जन्मतो, साधारण १५ किलोमीटर उंचीवर. व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये फुग्यातून वर जाऊन दाखवलं की हे किरण वरून येतात. त्यांतला म्युऑन १९३६ च्या सुमारास कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमायर यांनी ओळखला.

ते आत्ता माझ्या अंगातून जात आहेत का?

हो. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. तळहात आडवा धरलात तर दर सेकंदाला एक-दोन म्युऑन त्यातून पार होतात. रात्री झोपल्यावर दर मिनिटाला काही हजार.

मग त्याचा अपाय होत नाही का?

हा प्रश्न बहुतेक आज्या विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. वैश्विक किरणांपासून माणसाला वर्षाला सरासरी ०.४ मिलीसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. माती, खडक, हवेतला रेडॉन, अन्न अशा सगळ्या नैसर्गिक स्रोतांची मिळून जागतिक सरासरी सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट आहे. माणूस पृथ्वीवर आला तेव्हापासून हा वर्षाव चालू आहे. काळजीचं कारण नाही.

म्युऑन २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो असं पुस्तकात आहे. मग तो जमिनीपर्यंत पोचतोच कसा?

बारावीच्या मुलांचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण पुस्तकातलं वाक्य आणि गच्चीवरचं मोजमाप यांची इथे सरळ टक्कर होते. हिशोब करून पाहा. प्रकाशाच्या वेगाने २.२ मायक्रोसेकंदांत कापलं जाणारं अंतर आहे सुमारे ६६० मीटर. जन्म १५ किलोमीटरवर. या हिशोबाने म्युऑन खाली जवळजवळ यायलाच नकोत.

पण २.२ मायक्रोसेकंद हे स्थिर म्युऑनचं सरासरी आयुष्य आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्या म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं. जमिनीवर पोचणाऱ्या म्युऑनची सरासरी ऊर्जा सुमारे ४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ४ जीईव्ही असते. स्थिर म्युऑनचं वस्तुमान ऊर्जेत मोजलं तर जेमतेम ०.१०६ जीईव्ही भरतं. म्हणजे त्याचं घड्याळ जवळजवळ चाळीस पट मंद चाललेलं असतं, आणि ६६० मीटरच्या जागी पंचवीस किलोमीटरचा पल्ला त्याच्या आवाक्यात येतो. ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी १९४१ मध्ये वेगवेगळ्या उंचीवर म्युऑन मोजून हे दाखवलं. सापेक्षतावादाचा हा पुरावा आपल्या डोक्यावर रोज पडतो आहे, आणि मुलांना तो स्वतः मोजता येतो.

म्युऑन गच्चीवर इतके मिळतात, तर जमिनीखाली जायचं कशासाठी?

या सगळ्या विषयाचं मर्म याच प्रश्नात आहे. गच्चीवर सगळ्या ऊर्जांचे म्युऑन एकत्र येतात आणि एका छोट्या यंत्राला त्यांची ऊर्जा वेगवेगळी सांगता येत नाही. खडकाला मात्र ते जमतं. घन खडकातून जाताना म्युऑन दर मीटरला साधारण अर्धा जीईव्ही गमावतो. म्हणजे तुमच्या डोक्यावर अमुक इतका खडक असेल, तर तिथे पोचलेल्या प्रत्येक म्युऑनने वर किमान अमुक इतक्या ऊर्जेने प्रवेश केला होता हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. खडक इथे चाळणीचं काम करतो, आणि खोली बदलली की चाळणीची जाळी बदलते.

त्यामुळे भूमिगत प्रयोगात खोली हा यंत्राचाच एक भाग असतो. शोधक, म्हणजे म्युऑन टिपणारं यंत्र, तोच ठेवून दहा मीटर, शंभर मीटर आणि हजार मीटर खोलीवर मोजलं तर तीन वेगळे प्रयोग होतात, आणि तिन्ही ठिकाणी आकाशातल्या वेगवेगळ्या ऊर्जेच्या घटनांचे परिणाम दिसतात.

दुसरं कारण याच्या बरोबर उलटं आहे. न्यूट्रिनो (कशातूनही जवळजवळ अडथळ्याविना जाणारे भाररहित कण) किंवा कृष्णपदार्थ (विश्वातला न दिसणारा पदार्थ) शोधणाऱ्यांना म्युऑन नकोच असतात, कारण त्यांच्या दुर्मीळ घटना म्युऑनच्या गर्दीत हरवतात. म्हणून तेही खोल जातात. पण नको असलेला म्युऑन वजा करायचा तर तो आधी नीट मोजावा लागतोच.

किती खोलीवर किती म्युऑन उरतात?

सरासरी ४ जीईव्हीचा म्युऑन आपल्या काळ्या पाषाणात आठेक मीटरवर थांबतो. शंभर मीटर खडक पार करायला वर ५० ते ६० जीईव्ही लागतात. किलोमीटरभर खडकासाठी एक हजार जीईव्हीच्या आसपास ऊर्जा लागते, कारण इतक्या ऊर्जेला म्युऑन वाटेत प्रकाशकण आणि कणजोड्या उधळत जातो आणि त्याचा खर्च झपाट्याने वाढतो.

इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेवर सुमारे १४०० मीटर डोंगर आहे. तिथे म्युऑनची संख्या दहा लाख पटींनी घटते आणि एका चौरस मीटरवर तासाला साधारण एकच येतो. कॅनडातल्या स्नोलॅबमध्ये, दोन किलोमीटर खोल, एका चौरस मीटरवर सरासरी दिवसाला एकही पुरता येत नाही.

आपल्या माळव्याच्या बेसाल्टचा काही फायदा आहे का?

आहे, थोडा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याची घनता २.९ च्या आसपास भरते. प्रयोगांच्या हिशोबात जो आदर्श खडक धरतात त्याची २.६५ आहे. म्हणजे तितक्याच जाडीत बेसाल्ट जास्त म्युऑन अडवतो. वेगवेगळ्या जागांची तुलना करता यावी म्हणून शास्त्रज्ञ खोली तितक्याच वजनाच्या पाण्याच्या मीटरांत सांगतात. शंभर मीटर घट्ट बेसाल्ट म्हणजे २९० मीटर पाणी.

पण ज्यांनी शेतात विहीर खणलेली पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की माळव्याची जमीन वरपासून खालपर्यंत एकसारखी नसते. वर काळी माती, मग मुरूम, मग घट्ट पाषाण. दोन लाव्हा-थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला दगड. यातल्या प्रत्येकाची घनता वेगळी. नुसती खोली फुटात मोजून भागत नाही. बोअरवेल खणताना कोणत्या खोलीवर काय लागलं याची नोंद मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची ठरते. आमच्याकडे येणारे बोअरवेलवाले ही माहिती फार नेमकी देतात.

शोधक आतून दिसतो कसा?

आमच्याकडचा शोधक म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची एक पाटी. साधं दिसणारं हे प्लास्टिक झगमगणारं असतं: आतून भारित कण गेला की निळसर प्रकाशाचा सूक्ष्म झटका देतं. एक सेंटिमीटर जाडीच्या पाटीत म्युऑन साधारण २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट सोडतो आणि त्यातून वीसेक हजार प्रकाशकण निघतात. डोळ्यांना काही दिसत नाही. पाटीच्या एका बाजूला नखाएवढा सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक चिकटवलेला असतो, तो हा झटका विजेच्या स्पंदात बदलतो. चिकटवताना मध्ये सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देतात. त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी प्रकाश तिथेच परततो आणि स्पंद खुजा होतो.

मग पाटीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावरून काळी टेप. बाहेरचा प्रकाश आत शिरता कामा नये, आणि तो शिरतो हमखास कोपऱ्यातून, जिथे टेप वळते आणि सुरकुती पडते. तपासायची रीत सोपी आहे: खोली अंधारी करायची, मोजणी चालू ठेवायची आणि टॉर्चचा झोत पाटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवायचा. एखाद्या कोपऱ्याशी आकडा एकदम उसळला की गळती तिथे. टेपचा आणखी एक तुकडा, पुन्हा टॉर्च. नववीतल्या मुली हे काम आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चिकाटीने करतात.

एकटी पाटी मात्र पुरत नाही. संवेदक गरम झाला की आपोआप खोटे स्पंद देतो आणि भिंतीतल्या किरणोत्सारामुळेही देतो. म्हणून दोन पाट्या एकीवर एक ठेवतात आणि दोन्हींत जवळजवळ एकाच क्षणी स्पंद आला तरच तो मोजतात. खोटे स्पंद असे एकाच क्षणी सहसा जुळत नाहीत. म्युऑन मात्र दोन्ही पाट्या एका दमात पार करतो. पाट्यांमधलं अंतर वाढवलं की तो कोणत्या दिशेने आला हेही कळू लागतं.

कोलारच्या खाणीत काय झालं होतं?

हे प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्युऑन मोजायला धाडलं. त्या काळी ती जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती. पुढे मोजमापं खोल खोल होत गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच किलोमीटरहून अधिक खोलीवर शोधक ठेवला, तेव्हा दोन महिन्यांच्या आसपास त्यात एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

त्या शून्यातून पुढचा प्रयोग निघाला. वरून येणारे म्युऑन इथे संपतात, याचा अर्थ इथे दिसणारा म्युऑन वरून आलेला नसणार. तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोच्या टकरीतून जन्मलेला असणार. मग एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमच्या गटांबरोबर सुमारे २.३ किलोमीटर खोल न्यूट्रिनोसाठी शोधक उभारले. ते भिंतीसारखे उभे होते, कारण तिरक्या वाटेवर खडकाची जाडी कितीतरी वाढते. आडवा आलेला म्युऑन म्हणजे जवळजवळ नक्कीच न्यूट्रिनोची खूण. १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या या खुणा तिथे मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गटही त्याच शोधात होता. दोन्ही निबंध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही दिवसांच्या अंतराने छापून आले. कोलारचा आधी.

१९८० च्या दशकात तिथेच प्रोटॉनचा क्षय शोधण्याचा प्रयोग झाला. खाण २००१ मध्ये बंद पडली. पाणी उपसणं थांबल्यावर खोल खाण पाण्याने भरते, आणि त्याबरोबर प्रयोगाची जागाही जाते.

आपल्या कॅटमध्ये म्युऑन तयार करतात का?

नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला इंदूरकर अजूनही कॅटच म्हणतात, तिथला इंडस-२ हा इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरणांसारखा तीव्र प्रकाश मिळवणारा त्वरक आहे. त्यात इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ जीईव्ही असते. म्हणजे राजवाड्यासमोर पोह्यांच्या गाडीवर उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा सरासरी म्युऑन इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त ऊर्जेचा! फरक असा की इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन आपल्याला हवे तेव्हा, हव्या त्या दिशेने आणि प्रचंड संख्येने मिळतात.

कॅटचा या विषयाशी दुसरा धागा आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या भूमिगत हॅड्रॉन कोलायडरसाठी, म्हणजे प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रासाठी, अजस्र चुंबक अचूक जागी धरणारे हजारो जॅक भारतातून गेले आणि त्या कामाचं सूत्र कॅटकडे होतं. त्याच यंत्रावरच्या सीएमएस शोधकाने २००८ च्या शरद ऋतूत, टकरी सुरू होण्याआधी, जमिनीखाली पोचलेले सुमारे २७ कोटी वैश्विक म्युऑन नोंदवले आणि त्यांच्या सरळ वाटा वापरून आपले भाग जुळवून घेतले. आयआयटी इंदूर सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगात सहभागी आहे.

उन्हाळ्या-हिवाळ्यात फरक पडतो का?

पडतो, आणि गंमत म्हणजे गच्चीवर आणि खोल खाणीत उलटा पडतो.

उन्हाळ्यात वातावरण तापून फुगतं. म्युऑन जास्त उंचीवर जन्मतात, त्यांची वाट लांबते आणि कमी ऊर्जेचे बरेच वाटेतच मोडतात. म्हणून गच्चीवर मोजणी किंचित घटते. खोल खाणीत मात्र फार मोठ्या ऊर्जेचेच म्युऑन पोचतात, आणि त्यांचे जन्मदाते पायॉनही तितकेच ऊर्जावान असतात. अशा पायॉनचंही घड्याळ मंद चालतं, त्यामुळे मोडण्याआधी हवेच्या अणूवर आदळून संपण्याची त्याला भरपूर संधी असते. वरची हवा तापून विरळ झाली की ही धडक टळते, पायॉन मोडतो आणि म्युऑन देतो. खोलीवर संख्या वाढते.

अमेरिकेत मिनेसोटातल्या सौदान खाणीत, सुमारे ७०० मीटर खोल, मिनोस शोधकाला हिवाळ्यात काही दिवस म्युऑन अचानक वाढलेले दिसले. वर स्थितांबर अकस्मात तापलं होतं. जमिनीच्या पोटातून वातावरणाच्या वरच्या थराचं तापमान वाचता येतं ही गोष्ट मला आजही थक्क करते. आपण कर्कवृत्ताच्या अलीकडे आहोत. इथे वरच्या हवेचं तापमान वर्षभरात ध्रुवाकडच्या प्रदेशांइतकं बदलत नाही, म्हणून हा फरक आपल्याकडे बराच छोटा असणार.

मांडूच्या इमारतींत गुप्त खोल्या असतील तर म्युऑनने सापडतील का?

तत्त्वतः हो. लुई अल्वारेझने १९६० च्या दशकाच्या अखेरीस इजिप्तच्या खाफ्रे पिरॅमिडखालच्या कक्षात शोधक ठेवून वर लपलेली खोली आहे का ते पाहिलं. तपासलेल्या भागात नव्हती. पुढे २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये निदान ३० मीटर लांबीची मोठी पोकळी म्युऑननीच दाखवली. ज्या दिशेने दगड कमी, त्या दिशेने म्युऑन जास्त येतात. एवढंच त्यामागचं तत्त्व.

पण शोधक पोकळीच्या खाली किंवा बाजूला ठेवावा लागतो, वरचा थर पुरेसा जाड लागतो आणि महिनोन्‌महिने मोजावं लागतं. हातभर जाडीच्या भिंतीसाठी हा उपाय नव्हे. पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय तर विचारच नको.

भारतात आज हे काम कुठे चालतं?

ऊटीला ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा प्रयोग आहे. तिथे ३,७१२ पोलादी नळ्या काँक्रीटच्या जाड थरांखाली मांडल्या आहेत. डोंगर खणण्याऐवजी डोक्यावर काँक्रीट रचलं आहे, म्हणून एक जीईव्हीपेक्षा कमी ऊर्जेचे म्युऑन वरच अडतात. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात तिथे म्युऑनची संख्या घसरली आणि तेवढ्यावरून त्या ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट निघाला. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. झारखंडच्या जादुगुडा खाणीत ५५५ मीटर खोल एक छोटी प्रयोगशाळा आहे.

तमिळनाडूत थेनीजवळच्या डोंगराखाली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती, ५० हजार टन चुंबकित लोखंडाच्या शोधकासह. ती अडली. पश्चिम घाटाची काळजी करणाऱ्या स्थानिकांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. तरी ज्या देशाने कोलार उभं केलं त्याच्याकडे आज तशी खोल जागा नाही याचं मला दुःख होतं. मदुराईत ८५ टनांची छोटी प्रतिकृती आहे, ती म्युऑन मोजते आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने म्युऑन दिसतात का?

कॅमेरा पूर्ण झाकला तर कधीतरी एखादा ठिपका किंवा रेघ उमटते. संवेदक इतका लहान असतो की म्युऑन क्वचितच मिळतो, आणि तो म्युऑनच होता हे सांगणं अवघड. मजेसाठी ठीक आहे.

घरी किंवा कॉलेजात सुरुवात कशी करावी?

कॉस्मिक वॉच नावाचा खुला आराखडा आहे: पाच बाय पाच सेंटिमीटरची पाटी, सिलिकॉन संवेदक आणि आर्डुइनो नावाचा छोटा संगणकीय बोर्ड. दोन नग बनवा म्हणजे जुळणी करता येईल. बीएस्सीच्या प्रकल्पाला हे झेपतं.

पहिला प्रयोग आम्ही नेहमी हाच सुचवतो: गच्ची आणि तळघर. इथे घाई नडते. मोजणीतली अनिश्चितता आकड्याच्या वर्गमुळाइतकी असते. शंभर म्युऑन मोजले तर दहा टक्के, दहा हजार मोजले तर एक टक्का. एका स्लॅबमुळे पडणारा फरक थोड्याच टक्क्यांचा, म्हणून शंभर म्युऑनवर तो कधीच दिसणार नाही. मिनिटाला वीस येत असतील तर दहा हजारांना आठ तासांहून जास्त लागतात. यंत्र रात्रभर चालू ठेवा. दोन्ही ठिकाणी पाट्यांमधलं अंतर तेच हवं.

पाताळपाणीच्या रेल्वे बोगद्यात मोजता येईल का?

घाटातला बोगदा या कामाला छान, कारण आत जाल तसा डोक्यावरचा डोंगर वाढत जातो. रेल्वेची लेखी परवानगी घ्या, त्याशिवाय आत पाऊल टाकू नका. कॉलेजच्या विभागप्रमुखांमार्फत अर्ज केलेला बरा.

वहीत काय काय लिहायचं?

तारीख, सुरू आणि बंद केल्याची वेळ, दोन्ही पाट्यांचे स्वतंत्र आकडे, जुळलेला आकडा, खोलीचं तापमान आणि हवेचा दाब. दाब विसरू नका. दाब वाढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त, आणि म्युऑन थोडे कमी. माळव्यात हिवाळ्यात दाब चढा असतो आणि पावसाळ्यात उतरतो. ही दुरुस्ती केली नाही तर ऋतूचा खरा परिणाम आणि दाबाचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. दाबमापकाची चिप स्वस्त मिळते, ती त्याच आर्डुइनोला जोडून टाका.